शिबिरात डोळ्याचं प्रेशरपण मोजा

संपादक महोदय, स. न.
गणपतीत मंडळांची फुकट नेत्रशिबिरं होतात, चांगलंच आहे, पण आमच्याकडे बहुतेक ठिकाणी चष्म्याचा नंबर काढतात, मोतीबिंदू आहे का बघतात आणि लगेच पुढच्याला हाक. काचबिंदूचं काय? त्यात बहुतेकदा डोळ्याच्या आतल्या पाण्याचं प्रेशर वाढून डोळ्यामागची नस खराब होते. मोतीबिंदूत धूसर दिसतं म्हणून माणूस आपणहून डॉक्टरकडे जातो आणि लेन्स बसवली की परत दिसायला लागतं, पण काचबिंदूत बहुतेकदा दुखत नाही की खुपत नाही, कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली नजर ऑपरेशननेही परत येत नाही. हे प्रेशर साधारण 10 ते 21 (मिमी पारा) असतं, मोजायला दोन मिनिटं लागतात, पण प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होऊ शकतो म्हणून चाळिशीनंतर बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालून मागची नसपण बघून घ्यावी (त्या दिवशी गाडी चालवू नका, काही तास सगळं भगभगतं). शुगरवाल्यांनी तर दरवर्षी पडदा तपासावाच. आणि डोळे लाल झाले की काही मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे ड्रॉप्स देतात, ते महिनोन्महिने घातले तर त्यानेच प्रेशर वाढतं, हे अन्न व औषध प्रशासनाने जरा बघावं. मंडळांनीही पुढच्या वर्षी प्रेशर मोजणारे डॉक्टर बोलवावेत, डीजेचा खर्च थोडा कमी केला तरी सहज जमेल.
- एक वाचक, सांगली