आजारपणातला थकवा म्हणजे आळस नव्हे

संपादक महोदय,

पावसाळ्यात घरोघरी तापाची माणसे दिसू लागली की एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘ताप उतरला ना, मग ऊठ आता.’ माझी धाकटी जाऊ अकरा वर्षे आमवाताने आजारी आहे. औषधांनी सांध्यांवरची सूज बरीच आटोक्यात आली, थकवा मात्र गेला नाही. आणि सूज दिसत नाही म्हणून रजेचा अर्ज देताना ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे तिला वरिष्ठांकडून ऐकून घ्यावे लागले. कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवल्यामुळे या समजुतीविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

शरीरात कोठेही संसर्ग वा दाह (सूज आणणारी प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया) सुरू झाला की रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. त्यांची वर्दी मेंदूला निदान दोन वाटांनी पोहोचते. एक वाट रक्ताची : सायटोकाइनमुळे मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होते, ते हायपोथॅलॅमस या मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या भागात उतरते आणि अंगात ताप चढतो. पॅरासिटामॉल या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करते, म्हणून गोळीने ताप उतरतो. पण संसर्ग जागच्या जागी असतो आणि प्रतिकारशक्तीचे काम चालूच राहते. दुसरी वाट व्हेगस या चेतेची, म्हणजे मज्जातंतूची आहे. मेंदूपासून मान आणि छातीतून पोटापर्यंत गेलेल्या या चेतेतील सुमारे ८० टक्के तंतू मेंदूकडून हुकूम नेत नाहीत, ते शरीराची खबर मेंदूकडे आणतात.

ही खबर मिळाल्यावर मेंदू काय करतो, हे गेल्या काही वर्षांत फार स्पष्ट झाले आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या मस्तिष्कपुच्छातील (मेंदूच्या पाठीच्या कण्याकडील टोकातील) ठरावीक चेतापेशी कृत्रिमरीत्या जागृत केल्या. कोणताही संसर्ग नसताना त्या उंदरांचे खाणेपिणे आणि हालचाल मंदावली. म्हणजे अन्नावरची वासना उडणे आणि अंग गळून जाणे हे केवळ जंतूंनी केलेले नुकसान नाही, ते मेंदूने दिलेले आदेश आहेत. पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्येच मांडले होते की आजारी जनावराचे निपचित पडून राहणे ही रोगाशी लढण्याची रीत आहे, कारण शरीराचे तापमान एका अंशाने वाढवायलाही ऊर्जेचा खर्च सुमारे १० ते १२ टक्क्यांनी वाढतो. वैरणीला तोंड न लावणाऱ्या बैलाला आपल्याकडचा शेतकरी आळशी म्हणत नाही, औताला जुंपतही नाही. ती समज आपण माणसांच्या बाबतीत का दाखवू नये, हे मला कळत नाही.

मेंदूचे काम एवढ्यावर थांबत नाही, तो दाहाला लगामही घालतो. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स झुकर यांच्या गटाने उंदरांना जीवाणूंच्या आवरणातील विषारी घटक टोचून पाहिले, तेव्हा व्हेगसमार्फत मस्तिष्कपुच्छातील पेशी सक्रिय झाल्या. त्याच पेशी निष्क्रिय केल्यावर दाह अनावर झाला, आणि त्यांना चेतवल्यावर तो शमला. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारद केव्हिन ट्रेसी यांनी २००२ मध्ये या परस्परसंबंधाला ‘दाहाची प्रतिक्षिप्त क्रिया’ असे नाव दिले होते. त्याच विचारातून घडलेले, व्हेगसला विजेची सौम्य स्पंदने देणारे आणि शस्त्रक्रियेने बसवायचे एक उपकरण २०२५ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मंजूर झाले आहे. अर्थात ‘व्हेगस जागी करा’ म्हणून समाजमाध्यमांवर जे घरगुती उपाय फिरत असतात, त्यांना या मंजुरीचा आधार देता येणार नाही.

आमवातातील थकव्याला वेदना, अपुरी झोप, रक्तक्षय अशीही कारणे असतात, हे मान्य आहे. परंतु दाह महिनोन्महिने धुमसत राहिला तर मेंदूला मिळणारी वर्दीही थांबत नाही, आणि मग जो आदेश चार दिवसांच्या तापासाठी होता तो वर्षानुवर्षे लागू राहू शकतो. तपासणीच्या वेळी सांधे दाबून पाहिले जातात, रक्ताचे अहवाल पाहिले जातात, थकव्याविषयी मात्र क्वचितच विचारले जाते. आपण आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या संधिवाततज्ज्ञाकडून केवळ या थकव्यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती. तो लेख कापून रजेच्या अर्जाला जोडायचा, असे माझ्या जावेने आताच ठरवले आहे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा