'लीज अँड लीफ' हा अल्बम ऐकवणाऱ्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

शाल-श्रीफळ घेणार नाही, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत. त्या पैशांत सगळ्यांना चहा-भजी द्या, म्हणालात. तसंच केलं आम्ही. पण आभार मानायचे राहिले ते राहिलेच, आणि ते पत्रानं मानायचं काम मंडळींनी माझ्यावर सोपवलं. तुमचं नाव कुठे छापायचं नाही ही तुमची दुसरी अट. तीही पाळते आहे.

जे आम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. रविवारी संध्याकाळी सोलापुरात मुरारजी पेठेतल्या एका माडीवर आम्ही जमतो. एक अख्खा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा, मध्ये बोलायचं नाही, मग प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. ढोलकी आणि हलगी वाजवणारे दादा आहेत, लग्नसराईत ते बँडमध्येही असतात. तबल्याचे क्लास घेणारे सर आहेत. यंत्रमागावर आयुष्य काढलेले अण्णा आहेत, त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. भजनी मंडळातल्या मावशी आहेत. इंजिनिअरिंगला असलेला गिटारवाला पोरगा आहे. अभंग ऐकले, लावण्या ऐकल्या, कन्नड वचनं ऐकली, तोवर मत द्यायला कुणी कुणाला भीत नव्हतं.

मग गिटारवाल्यानं 'लीज अँड लीफ' काढला. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश मंडळींचा डिसेंबर १९६९ मधला अल्बम. २००६ साली बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी आजवरचा सर्वांत प्रभावी लोकसंगीताचा अल्बम म्हणून यालाच निवडलं. हे सगळं त्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, आणि तिथेच माडीवरची निम्मी माणसं गप्प झाली. अण्णा म्हणाले, "इंग्रजी हाय व्हय? मग तुम्ही ऐका, मी बसतो." मावशींनी पिशवीतलं विणकाम काढलं. मला ते फार लागलं. लोकांचीच गाणी, आणि आमच्यातल्या ज्यांना लोकगीत अंगाखांद्यावर मिळालंय तेच बाजूला बसणार!

तुम्हाला विचारायला आले तेव्हा शब्दार्थांचा कागद मिळाला तरी पुष्कळ, एवढीच माझी अपेक्षा होती. तुम्ही कागद दिला नाहीत. "मी येते," म्हणालात. गुडघ्यांचा त्रास असताना ती उभी जिन्याची चढण चढून आलात आणि पहिल्याच गाण्याआधी कीर्तनकारानं आख्यान लावावं तशी गोष्ट लावलीत. या पत्राचं पहिलं कारण ते.

दुसरं कारण तुमचा नियम. "आवडलं की नाही ते नंतर. आधी काय ऐकू आलं ते सांगा." एवढ्या एका वाक्यानं इंग्रजी येणारे आणि न येणारे एका सतरंजीवर आले. ऐकू तर सगळ्यांनाच येतं. दादा म्हणाले, 'टॅम लिन' या गाण्यात ताल सरळ चालत नाही, ठेका धरला की पाय निसटतो. ते गिटारवाल्याच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि त्यानं तो अल्बम कितीतरी वेळा ऐकला होता. मावशींना व्हायोलिन ऐकू आलं, गाणारीच्या मागे न जाता तिच्याशी भांडणारं. तो डेव्ह स्वॉरब्रिक, असं तुम्ही सांगितलंत. दादांना ड्रम फार आवडले, तेव्हा तुम्ही सांगितलंत की हा डेव्ह मॅटॅक्स नाचाच्या हॉलमधल्या बँडमधून आला होता, लोकगीतांशी त्याचा आधी संबंधच नव्हता. दादा त्या दिवसापासून त्याला 'आमचा मॅटॅक्स' म्हणतात.

वाद झाला तो तबल्याच्या सरांमुळे, आणि चांगला झाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दोनशे-तीनशे वर्षं माणसांनी नुसत्या गळ्यावर जपलेल्या गाण्यांना विजेची गिटार आणि ड्रम लावले, वाट लावली. आपल्याकडे गोंधळाला आणि लावणीला कीबोर्ड-ऑक्टोपॅड लावून जे चाललंय तेच हे. गिटारवाला चिडला. तुम्ही दोघांनाही थांबवलं नाहीत. फक्त १९६९ चं ते वर्ष सांगितलंत.

१२ मेच्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून लंडनला परतताना यांची गाडी एम-१ महामार्गावर उलटली. ड्रम वाजवणारा मार्टिन लॅम्बल गेला, अवघा एकोणीस वर्षांचा. गिटार वाजवणाऱ्या रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. उरलेल्यांनी पुढे गायचं की नाही इथपासून विचार केला, आणि गायचं ठरलं तेव्हा मार्टिनबरोबर वाजवलेली जुनी गाणी बाजूला ठेवली. हँपशरमधल्या फार्ली चेंबरलेन या गावी एक मोठं घर घेऊन ती सगळी उन्हाळाभर एकत्र राहिली. बास वाजवणारा अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउस या लोकगीतांच्या संस्थेतल्या ग्रंथालयात बसून जुनी गाणी शोधत होता. त्या घरात ती गाणी या मुलांच्या हातात पडली आणि त्यांनी ती त्यांच्याकडे होती त्या वाद्यांवर वाजवली.

सरांचं मत बदललं नाही. आजही नाही. पण ते म्हणाले, "दुसरं काय वाजवणार होती पोरं?" आणि अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. एखाद्याचं मत बदलल्यावाचून त्याचा कान उघडता येतो हे मी तेव्हा पाहिलं. बाई, हे तुम्हालाच जमतं.

'मॅटी ग्रोव्हज'चा रविवार तर कुणीच विसरणार नाही. सणाचा दिवस. सरदाराची बायको चर्चमध्ये येते आणि मॅटी ग्रोव्हज नावाच्या पोराला आपल्या घरी चल म्हणते. नवरा लांब शेतांवर गेलेला. घरातला एक नोकर ते ऐकतो आणि धन्याला सांगायला धावत सुटतो. वाटेत ओढा लागतो तेव्हा पायातले बूट काढून पोहत जातो. सरदार येतो, पलंगाशी उभा राहतो, त्या पोराला विचारतो, कशी काय वाटली माझी गादी, कशी काय वाटली माझी बायको. मग दोन तलवारींतली चांगली त्याला देतो, वाईट स्वतः घेतो, आणि त्याला मारतो. बायकोला विचारतो, आता कोण आवडतो तुला? ती मेलेल्या मॅटीचं नाव घेते. तिलाही मारतो. शेवटी हुकूम देतो की दोघांना एकाच खड्ड्यात पुरा, पण बाईसाहेबांना वर ठेवा, त्या खानदानी घराण्यातल्या.

तुम्ही हे सांगून गाणं लावलंत. आठ मिनिटं. शेवटचं कडवं संपलं की गाणारी सँडी डेनी बाजूला होते आणि गिटार नि व्हायोलिन नुसती सुटतात. दादा न राहवून ओरडले, "हितं शाहीर थांबतो आणि ढोलकी बोलती!" आणि समोरच्या पाटावर बोटांनी वाजवायला लागले. गाणं संपल्यावर पहिल्या बोलल्या त्या मावशी. "मेल्यावरसुद्धा वरची ती वर आणि खालचा तो खालीच की वो." अण्णांना तिसराच प्रश्न पडला होता: त्या नोकराचं पुढे काय झालं? त्याला बक्षीस मिळालं की त्याचीही मान गेली? गाणं ते सांगत नाही. त्या एका नोकरावर आम्ही चहा गार होईतो भांडलो. अण्णा म्हणत होते, ज्याचं मीठ खाल्लं त्याला सांगणं त्याला भागच होतं. मावशी म्हणत होत्या, बूट काढून पोहत जाण्याइतकी हौस कशाला? इंग्रजी येत नाही म्हणून बाजूला बसणारी ही दोन माणसं!

'द डेझर्टर'च्या वेळी मात्र गोष्ट तुम्ही सुरू केलीत आणि पुरी केली अण्णांनी. फौजेत ओढलेला एक पोरगा पळून जातो, पकडला जातो, कोर्ट मार्शल होतं, तीनशे तीन फटक्यांची शिक्षा होते. तो पुन्हा पळतो, पुन्हा पकडला जातो, आता गोळी घालायचा हुकूम. आणि शेवटच्या क्षणी प्रिन्स अल्बर्टची, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याची, बग्गी येते, तो त्याला सोडवतो. कोर्ट मार्शल हा शब्द ऐकल्यावर सोलापूरच्या माणसाला काय आठवणार? १९३० च्या मे महिन्यातला मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. अण्णा एवढंच म्हणाले, "आमच्या चौघांसाठी कुठली बग्गी आली नाही." ते गाणं मला तोवर सुखान्त वाटत होतं. आता चार पुतळ्यांपाशी सिग्नलला थांबले की ती चाल आठवते, आणि त्या बग्गीवर माझा विश्वास बसत नाही. खरं तर गाणाऱ्यांचा तरी बसला होता का, अशी शंका त्यांच्या आवाजावरूनच येते.

चालींची गंमतही तुम्हीच उलगडलीत. 'मॅटी ग्रोव्हज' ज्या चालीवर गायलंय ती अमेरिकेतल्या 'शेडी ग्रोव्ह' या गाण्याची. 'फेअरवेल, फेअरवेल'चे शब्द थॉम्पसननं नवे लिहिले, पण बसवले 'विली ओ' विन्सबरी'च्या जुन्या चालीवर. गिटारवाल्याला ही चोरी वाटली. मावशी हसायला लागल्या. सिनेमाच्या चालीवर अभंग बसवण्यात त्यांचं भजनी मंडळ पंढरपूरच्या वाटेवर प्रसिद्ध आहे. चाल कुणाच्या बापाची नसते हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात अशी ३०५ कथागीतं खंडांमागून खंड काढून छापली, आणि त्याच सुमारास, १८९१ मध्ये, आपल्याकडे अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून छापले, हेही तुम्ही जाता जाता सांगून गेलात. मी त्यावर फार विचार केला. आपल्या पोवाड्यांवर, ज्या गावानं रामजोशी दिला त्या गावात, अशी हक्कानं भांडणारी सभा आम्ही कधी भरवली होती? पोवाडा लागला की आम्ही मान डोलवतो, हात जोडतो, आणि प्रश्न विचारत नाही. शाहिराला तरी तेच हवं असेल का?

आता माझं मत, कारण ते तुम्ही दर वेळी मागितलंत आणि मी दर वेळी टाळलं. या अल्बममधलं सर्वांत थोर गाणं 'मॅटी ग्रोव्हज' नव्हे, 'रेनार्डिन' आहे. डोंगरात भेटलेला तो चमकत्या दातांचा परका माणूस आणि त्याच्यामागे चालत जाणारी ती बाई. तिथे ड्रम जवळजवळ थांबतात आणि सँडी डेनी एकेक ओळ अशी ठेवते की पुढची येईल की नाही याची धास्ती वाटते. जुनी माणसं भीतीची गाणी का गात असतील ते मला त्या आवाजात कळतं. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९७८ मध्ये, ती गेली. अल्बममधली नाचाच्या चालींची ती मिसळ मला आवडत नाही. दादांना तीच सगळ्यात जास्त आवडते. आणि हा अल्बम बाजारात येईपर्यंत सँडी आणि हचिंग्ज दोघंही संच सोडून गेले होते, याचं मला अजून वाईट वाटतं. त्या घरातला तो उन्हाळा त्यांना पुन्हा मिळाला नाही.

तुमची वही आमच्याकडे आहे. प्रत्येक गाण्याची गोष्ट, तुमच्या सुवाच्य अक्षरात, समासात कुठे काय ऐकायचं त्याच्या खुणांसह. अण्णांच्या नातीनं तिच्या झेरॉक्स काढल्या. मूळ वही मावशींकडे ठेवली आहे, कारण त्यांच्या घरी ती हरवणार नाही याची सगळ्यांना खात्री आहे. अक्षर सुवाच्य दिसतं, पण ते लिहायला किती वेळ लागला असेल, हे तुमच्या थरथरत्या हाताकडे पाहून कळतं. त्याबद्दल मनापासून, अगदी मनापासून आभार.

एक काम मात्र बाकी आहे. 'टॅम लिन'मध्ये जॅनेट आपल्या माणसाला मिठीत घट्ट धरून ठेवते. तो हिंस्र जनावर होतो, तरी ती सोडत नाही, आणि पऱ्यांच्या राणीकडून त्याला जिंकून आणते. असं असताना शेवटचे शब्द जॅनेटचे का नाहीत? गाणं संपतं ते राणीच्या संतापावर, हे आधी कळलं असतं तर तुझं झाड केलं असतं, या बोलांवर. मावशींना हे पटलेलं नाही. त्यांनी जॅनेटच्या तोंडी घालायला चार ओव्या रचल्या आहेत आणि दादा त्यांना ठेका शोधताहेत. तुम्ही ऐकल्याशिवाय त्या कुणाला म्हणून दाखवणार नाहीत. या वेळी तुम्हाला जिना चढावा लागणार नाही. बैठक तळमजल्यावरच्या ओसरीत घेतोय, पाठीच्या खुर्चीसकट. येत्या रविवारी, सहा वाजता.

आपली नम्र,
मुरारजी पेठेतल्या रविवारच्या मंडळींतर्फे,
तुमची एक श्रोती
सोलापूर