पुनर्विकासाच्या सभेआधी गल्लीतल्या पाचही सोसायट्यांनी एकत्र बसावे

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड, पुणे

स.न.वि.वि.

पुनर्विकासासाठी बिल्डर निवडायच्या विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस मिळाली. पुनर्विकासाला माझा पाठिंबा आहे, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज नको. गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाईंना तिसऱ्या मजल्यावरून खाली आणले ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून. चौघांनी खुर्ची उचलली होती. प्रत्येक वळणावर ती तिरकी झाली की आई कठडा घट्ट धरायच्या. त्यांची बोटे सोडवायची आणि मग पुढची पायरी. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच थांबली होती, कारण आत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. त्या दिवसापासून लिफ्टची इमारत मला हवीच आहे.

पण आपली गल्ली सहा मीटरची आहे. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या यूडीसीपीआर या बांधकाम नियमावलीत सगळा हिशेब रस्त्याच्या रुंदीवर चालतो. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, १.१०; शुल्क भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही, दुसरीकडचा बांधकाम हक्क विकत घेऊन वापरायचा टीडीआर नाही. रस्ता नऊ मीटरचा असेल तर त्यावर ०.५० प्रीमियम आणि ०.४० टीडीआर, म्हणजे एकूण २.००; जिना, बाल्कनी यांसारख्या भागांसाठीचा ॲन्सिलरी एफएसआय वेगळा. आपल्या १,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर ही तफावत १,१०० आणि २,००० चौरस मीटर एवढी पडते. बिल्डरने दाखवलेले मजले या दुसऱ्या आकड्यावर उभे आहेत. पुण्यातले सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा विषय २०२० मध्ये स्थायी समितीत आला, तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी नऊ मीटर आहे. आपली गल्ली नऊ मीटरची कशी होणार, हे मात्र बिल्डरच्या कागदात कुठेच नाही.

म्हणून रविवारी सकाळी मी आणि माझ्या मुलाने टेप धरून दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर आत खडूने रेघ मारली. आपल्याकडे ती पाण्याच्या खालच्या टाकीच्या झाकणावरून जाते. सोनचाफा पूर्ण रस्त्यात. तीस मीटरच्या दर्शनी बाजूचे आपले पंचेचाळीस चौरस मीटर जातील, त्याचा मोबदला एफएसआयमध्ये मिळेल, ते ठीक. समोरच्या सोसायटीत मात्र ती रेघ थेट त्यांच्या जिन्यात शिरते. जिना पाडून ते आपल्यासाठी रस्ता देतील का? त्यांचाही पुनर्विकास ठरला तरच देतील.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सभेला दोन तृतीयांश सभासदांची हजेरी (गणसंख्या) लागते आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के होकार लागतो. सोळांपैकी नऊ मते पडली की आपला निर्णय झाला. गल्लीचा निर्णय आपल्या नऊ मतांनी होत नाही. आपण एकट्याने सही केली आणि समोरचा जिना जागेवरच राहिला, तर आपण भाड्याच्या घरात आणि फाइल अडकलेली, अशी वेळ येईल.

व्हॉट्सॲप ग्रुपवर काहींनी लिहिले की नवी कुटुंबे नकोतच, पाणी पुरणार नाही. मला हे पटत नाही. १९८६ मध्ये आपण इथे आलो तेव्हा आपणही नवेच होतो, आणि आपल्या बोअरला पाणी लागेपर्यंत शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांनी दोन महिने आपल्याला नळाचा पाइप दिला होता. आपल्या मुलांना इथे घर परवडत नाही, ती वाघोलीला जातात. इथे घरे वाढली तर काही जण तरी परत येतील. पाण्याची भीती मात्र खरी आहे. आज सोळा घरांना मार्चपासून आठवड्याला दोन टँकर लागतात. पाचही सोसायट्या वाढल्यावर त्याच चार इंची लाइनवर काय होईल, हे आर्किटेक्टने सुसाध्यता अहवालात, म्हणजे प्रकल्प जमेल का हे तपासणाऱ्या अहवालात, लिहून द्यायला हवे, आणि मोठ्या लाइनची मागणी पाचही जणांच्या सहीने महापालिकेकडे जायला हवी. एका सोसायटीच्या अर्जाला तेवढे वजन येत नाही.

तेव्हा बिल्डर निवडीचा विषय या सभेत घेऊ नये. त्याआधी पाचही सोसायट्यांची बैठक आपल्या गच्चीवर घ्यावी. चारही सचिवांकडे मी स्वतः जाऊन निरोप देते, चहाचेही मी बघते. आणि समितीने त्याआधी एकदा खाली येऊन ती खडूची रेघ पाहावी. एक पाऊस पडला की ती पुसून जाईल.

कळावे,
आपली विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. ११