अठरा पूर्ण होण्याआधी

पुणे, ३० ऑगस्ट २०२६

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

ब्रिटनमधल्या तुझ्या शाळेचं शेवटचं वर्ष, इयर थर्टीन, सुरू व्हायला आठवडा उरला. गणित, फर्दर मॅथ्स, फिजिक्सची मला काळजी नाही. काळजी आहे ती कुणाच्याच टेबलावर नसलेल्या कामांची. शाळेला वाटतं ती घरचे करतील, घरच्यांना वाटतं शाळा करेल. जानेवारीत तुला अठरा पूर्ण झाली की ती सगळी तुझ्या नावावर येतात. म्हणून बसून लिहिते आहे.

आधी पासपोर्ट. तुझा पासपोर्ट अल्पवयीन म्हणून काढलेला आहे. तो पाच वर्षं किंवा अठरावा वाढदिवस, यांतलं जे आधी येईल तोवरच चालतो. ख्रिसमसच्या सुट्टीत तू आलीस की पहिल्याच आठवड्यात अर्ज करू. पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच मागू. खरी मेख पुढे आहे. व्हिसा आता कागदावर नसतो, ई-व्हिसा असतो आणि तो जुन्या पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. नवा क्रमांक यूकेव्हीआयच्या, म्हणजे ब्रिटिश व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्यात चढवला नाही, तर विमानतळावर एअरलाइनला तुझा व्हिसा दिसत नाही आणि काउंटरवरच अडकायला होतं. नवा पासपोर्ट हातात पडेल त्याच दिवशी खात्यात बदल कर. बदल झाल्याचं कळेपर्यंत अधूनमधून बघत राहा आणि प्रवासात जुना पासपोर्टही जवळ ठेव. त्या खात्याला कोणता फोन नंबर आणि कोणता ईमेल दिलाय, ते आजच पाहून घे. लॉगिनचा कोड तिथेच येतो. बंद पडलेल्या सिमवर तो आला तर तुझ्याच खात्यात तुला शिरता येणार नाही.

ईमेलवरून आठवलं. यूकॅसच्या, म्हणजे तिथल्या युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या सामाईक, अर्जात शाळेचा ईमेल देऊ नकोस. शाळा सुटल्यावर ते खातं बंद होतं, आणि नेमक्या ऑगस्टमध्ये, युनिव्हर्सिटीची पत्रं येतात तेव्हा, तुला ते उघडता येणार नाही. स्वतःचा साधा ईमेल दे.

केंब्रिजला अर्ज करणार असशील तर तारीख १५ ऑक्टोबर, तिथल्या संध्याकाळी ६ पर्यंत. बाकीच्या बहुतेकांसाठी जानेवारीचा मध्य. पण शाळेची आतली मुदत त्याच्या बरीच आधी असते, कारण शिक्षकांना रेफरन्स (शिफारस) आणि प्रेडिक्टेड ग्रेड (अपेक्षित निकाल) जोडायचे असतात. ती मुदत वहीत लिही, यूकॅसची नव्हे. ईसॅट, म्हणजे इंजिनिअरिंग-विज्ञानाची प्रवेश परीक्षा, लागणार असेल तर त्याची नोंदणी तुझी तुलाच करायची असते आणि ती सप्टेंबरातच उरकावी लागते. अर्ज वेळेत गेला आणि परीक्षाच राहिली, तर अर्जाचा उपयोग नाही.

अर्जातलं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे स्वतःबद्दलचं लेखन, आता सलग निबंध नसतो. तीन प्रश्न असतात. सगळी उत्तरं मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५०. "लहानपणापासून यंत्रांची आवड" असलं वाक्य टाकू नकोस, ती जागा वाया जाते. एखादं गणित कुठे अडलं, मग काय वाचलंस, काय करून पाहिलंस, ते लिही. जास्तीत जास्त जागा दुसऱ्या प्रश्नाला दे, अभ्यासाने तुला या विषयासाठी कसं तयार केलं त्याला.

पाच कोर्सेस निवडता येतात. ऑफर्स आल्या की एक फर्म (पहिली पसंती), एक इन्शुरन्स (ती हुकली तर राखीव). दोन्हीकडे ए-स्टार-ए-ए हेच ग्रेड मागत असतील तर तो इन्शुरन्स नव्हेच. दुसरी जागा एका ग्रेडने तरी खालची हवी आणि तिथे तू आनंदाने चार वर्षं राहशील अशी हवी. ब्रिटनमध्ये दोन वर्षं शिकलीस म्हणून फी कमी होईल असं धरू नकोस. शिक्षणासाठीचं वास्तव्य त्यात मोजत नाहीत, फी परदेशी विद्यार्थ्याचीच लागते. तो हिशोब बाबांनी केलेला आहे, तू त्यावरून जागा निवडू नकोस.

इंग्रजीचं एक राहून जाण्यासारखं आहे. तुझी दहावी इथली आणि ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, इंग्रजी नाही. त्यामुळे तुझ्याकडे तिथली इंग्रजीची कोणतीच परीक्षा नाही, आणि ऑफरमध्ये आयईएल्टीएसची अट येऊ शकते. ती मेमध्ये, पेपरांच्या तोंडावर द्यायची नाही. फेब्रुवारीच्या हाफ टर्मच्या सुट्टीत देऊन टाक. निकाल दोन वर्षं चालतो.

साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा स्टेटमेंट ऑफ एंट्री, म्हणजे परीक्षांच्या नोंदणीचा कागद, देईल. त्यात नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. पासपोर्टवर तुझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे, शाळेच्या पटावर नाही. तेव्हा एका ईमेलमध्ये होणारं काम सर्टिफिकेट छापल्यावर पैसे आणि महिने घेतं.

शाळेच्या मेडिकल सेंटरला मेनएसीडब्ल्यूवाय या मेंदूज्वराच्या लशीचं विचार. तिथल्या मुलांना ती चौदाव्या वर्षाच्या सुमारास देतात, उशिरा आलेल्यांची राहून जाते. पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत ती फुकट मिळते. होस्टेलवर जाण्याआधी घ्यायलाच हवी.

पेपर संपले की लगेच निघायचा मोह होईल. जूनच्या चौथ्या आठवड्यात सगळ्या बोर्डांचा एक राखीव दिवस असतो. एखादा पेपर रद्द झाला तर तो त्या दिवशी होतो. त्यानंतरचंच तिकीट काढू. मात्र निघण्याआधी युनिव्हर्सिटीच्या होस्टेलचा अर्ज झालेला हवा. त्याची मुदत पुष्कळदा परीक्षेच्या धामधुमीतच संपते. सर्टिफिकेटं हिवाळ्याच्या तोंडावर येतात. ती कोण घेणार, हेही परीक्षा विभागाला लेखी देऊन ये.

पुढचा, युनिव्हर्सिटीसाठीचा, व्हिसा आपण पुण्यातूनच करू. तिथून केलास तर पैशांचा पुरावा लागत नाही, कारण वर्षभराहून जास्त काळ तू व्हिसावर राहिली आहेस. पण निर्णयाला आठेक आठवडे लागतात आणि तोवर देश सोडला तर अर्ज रद्द होतो. इथून साधारण तीन आठवड्यांत होतं. मात्र पहिल्या वर्षाची फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी अर्ज फेटाळतात. ते पैसे जुलैपासून आमच्या खात्यातून हलवायचे नाहीत असं ठरलंय. तुझा जन्मदाखला आणि आमचं संमतिपत्र त्यासोबत जोडू. टीबीची तपासणी तुला लागणार नाही, कारण तिथे सहा महिन्यांहून जास्त राहून तू सहा महिन्यांच्या आत अर्ज करत असशील. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आकार, वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या मुदतीचा एकदमच भरायचा. सीएएस, म्हणजे व्हिसासाठी लागणारी युनिव्हर्सिटीची प्रवेशाची पक्की नोंद, मात्र निकालाशिवाय मिळत नाही, तेव्हा ऑगस्टचा उत्तरार्ध मोकळा ठेव.

निकाल ऑगस्टच्या मध्यावर, गुरुवारी, तिथल्या सकाळी ८ वाजता. म्हणजे आपल्याकडे साडेबारा. एखादा ग्रेड थोडक्यात हुकला तर त्याच दिवशी आधी युनिव्हर्सिटीला फोन, मग शाळेच्या परीक्षा विभागाला प्रायॉरिटी रिव्ह्यूसाठी (तातडीच्या फेरतपासणीसाठी) ईमेल. हा अर्ज शाळेमार्फतच जातो, तुझी लेखी संमती लागते आणि त्याला जेमतेम आठवडा मिळतो. मार्क कमीही होऊ शकतात, म्हणून आधी ग्रेडची सीमारेषा बघायची. त्या दिवशी मी घरीच असेन.

जेवत जा, आणि रात्री मोजे घालून झोप.

तुझी,
आई

ता. क. यंदा दिवाळी तुमच्या हाफ टर्मनंतर येते, ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. फराळ आधीच पाठवते. दुधाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे नाहीत. तेलातली चकली, चिवडा आणि मेतकूट येईल. भेटवस्तूची किंमत ३९ पौंडांच्या आत असली की कर लागत नाही, तेव्हा दोन लहान डबे करते.