वर्कशॉपमधल्या काकांना, पेडलबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली, तीही इंग्रजीत. म्हणून हे उघड पत्र.

मी पहिल्यांदा आले तेव्हा हातात नुसतं कागदावरचं चित्र होतं. एमआरआय यंत्रात पोटरीचं स्कॅन चालू असताना चवड्याने दाबायचं पेडल हवं, पण लोखंडाचा एक खिळाही चालणार नाही. यंत्रात ३ टेस्लाचं चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ५० हजार पटींहून जास्त. सुटा स्क्रू त्यात गोळीसारखा सुटतो. तुम्ही पितळ सुचवलंत. ते ओढलं जात नाही, पण चित्र बिघडवतं. मग निघाल्या लाकडी खुंट्या, नायलॉनचे बोल्ट आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. (ट्यूबचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत.)

पण पेडल बनलं म्हणजे काम झालं असं नव्हतं. आम्ही वापरतो त्या पद्धतीत एमआरआय एकाच दाबात पोटरीची हालचाल टिपत नाही. दर दाबाला थोडी माहिती गोळा होते. माणसाने तालावर साठ-सत्तर वेळा अगदी तस्संच दाबलं, तरच सगळं जुळून एक आकुंचन दिसतं. स्नायूतल्या हायड्रोजनकडून येणाऱ्या संकेताची कला (फेज, म्हणजे लाट तिच्या चढउतारात कुठे आहे ते) स्नायूच्या वेगाप्रमाणे सरकते. त्यावरून कुठला ठिपका कुठे गेला ते काढायचं, आणि शेजारच्या ठिपक्यांमधलं अंतर किती बदललं त्यावरून स्नायू कुठे किती आखडला, किती फुगला ते.

माझी पहिली तिन्ही स्कॅन धुरकट आली. दोन आठवडे मी प्रोग्राममधली चूक शोधत बसले. तुम्ही पेडलवर स्वतःचा पाय ठेवलात, चार वेळा दाबलंत आणि म्हणालात, "टाच उचलली जातेय गं, दर वेळी वेगळी." टाचेमागे फळी, वरून पट्टा. पुढचं स्कॅन स्वच्छ.

त्याच दिवशी चहा पिताना तुम्ही विचारलंत, पोटरी फुगते म्हणजे आत काही भरतं का? सतराव्या शतकात युरोपातले विद्वान तसंच मानत. हॉलंडच्या यान स्वामरडामने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत ठेवून नळीच्या टोकाशी पाण्याचा थेंब सोडला. स्नायू आखडला, थेंब वर चढला नाही. लांबी घटते तेवढी जाडी वाढते, आकारमान तेच. आमच्या चित्रांत दिसतं ते इतकंच, की ती जाडी सगळ्या बाजूंना सारखी वाढत नाही.

पेडल आता एक नवा मुलगा वापरतो. टाचेचा पट्टा सैल झालाय, त्याने तो सुतळीने आवळलाय. तुम्ही बघितलंत तर ओरडाल. सोमवारी घेऊन येते, ट्यूबच्या पैशांसकट.