शाळूचं पीठ गिरणीतून आणू नका

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर मी घाईघाईत बोलून गेले, “यंदा गौरीला पुरणपोळी खाणार नाही,” आणि आई, तू नुसतं “बरं” म्हणालीस. ते “बरं” रात्रभर कानात होतं. म्हणून पत्र लिहितेय. फोनवर आपण दोघी रडलो असतो आणि बाबा उठून अंगणात गेले असते.

गहू मी सोडलाय, आणि कायमचा सोडलाय. हे खूळ नाही, कुणाचं ऐकून केलेलं नाही. आधी रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून तपासला. सिलिॲक निघाला. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. आतलं मखमलीसारखं अस्तर सपाट होत जातं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. संधिवातासारख्या, शरीर स्वतःवरच उलटतं अशा बाकीच्या (ऑटोइम्यून) आजारांत खाण्याचा थोडाफार हातभार लागतो, गोळ्या सुटत नाहीत. इथे मात्र पथ्य हेच औषध. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि डॉ. विलेम डिके यांच्या दवाखान्यातली अशीच मुलं सुधारायला लागली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. गव्हावरचा त्यांचा जुना संशय त्यामुळे पक्का झाला.

आई, आता तुझ्या मनात काय येणार ते मला ठाऊक आहे. चौथीत माझं पोट फुगायचं, हातापायाच्या काड्या झाल्या होत्या, आणि डॉक्टर दर वेळी जंताचंच औषध द्यायचे. तू सकाळची चपाती दुधात कुस्करून, वर गूळ किसून भरवायचीस. कडा काढून टाकायचीस, मला टोचतात म्हणून. आई, त्यात तुझी काहीही चूक नाही. डॉक्टरांच्याही लक्षात आलं नाही, तुला कसं कळणार होतं? हाडकुळ्या पोरीला कुठल्याही आईनं तेच दिलं असतं. ती वाटी मला अजून हवी आहे, आता त्यात भाकरी कुस्करून दे.

माझी काळजी करू नका. वजन चार किलो वाढलंय. दुपारी शाळूची भाकरी, रात्री भात, रविवारी पांढरा रस्सा, तुझ्यासारखा नाही पण जमतो. मधे दूधसुद्धा पचत नव्हतं, आता पचतंय. बाबा, आले की गंगावेशला दूध प्यायला जायचं, नेहमीसारखं, धार काढतात तिथे उभं राहून.

खपली चालेल का, असं बाबांनी विचारलं होतं. नाही, तोही गहूच. आणि मी यायच्या आधी एवढं करा. शाळू गिरणीत देऊ नका, तिथे आधी गहू दळलेला असतो आणि जात्यात राहिलेलं चिमूटभर पीठही मला बाधतं. मी इथून दळून आणते. माझ्या भाकरीला परात आणि तवा वेगळा. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाच, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. पुरणपोळ्या तुम्ही करा, सगळ्यांनी खा, माझ्यासाठी सण अडवू नका. मला नुसतं पुरण दे, वर तूप.

आता खरी गोष्ट. रागावू नका, मी तुम्हाला न विचारता ठरवलंय. गुरुवारी सकाळी साडेआठला लॅबचा मुलगा घरी येईल आणि दोघांचं रक्त घेईल. पैसे भरलेत. हा आजार सख्ख्या नात्यात साधारण दहा-पंधरा जणांत एकाला निघतो. आई, तुझं हिमोग्लोबिन लोहाच्या इतक्या गोळ्या घेऊनही वर येत नाही, त्यात थायरॉईड. दोन्ही गोष्टी या आजाराबरोबर दिसतात. काही निघेलच असं नाही, पण मला माहीत करून घ्यायचंय. तोवर लोहाची गोळी थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी घे, दोन्ही एकदम तोंडात टाकू नकोस. बाबा, हे तुमच्याकडे.

आणि आई, माझं ऐकून आजच गहू बंद करशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तसं अजिबात करू नकोस. गहू खाणं बंद केलं की तपासणीत आजार लपतो. गुरुवारपर्यंत रोज दोन चपात्या खायच्या. कडांसकट.

तुमची,
छकुली