काकूंच्या आठवणींबद्दल

पुणे,
१४ जानेवारी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. आईचे, म्हणजे आमच्या काकूंचे, शेवटचे दिवस मिनिटामिनिटाने आठवतात आणि त्याआधीची एवढी वर्षं मात्र हाताला लागत नाहीत, असं तू लिहिलंयस. शिवाय ताईशी झालेला तो वाद. गावचं घर सोडताना काकू रडल्या होत्या की नव्हत्या? तुम्ही दोघंही तिथे होतात, आणि दोघांच्या आठवणी वेगळ्या. यावरून आपलं प्रेमच कुठेतरी कमी पडलं, असं तू धरून बसला आहेस. मला ते अजिबात मान्य नाही. का, ते सविस्तर लिहितो. तुझी समजूत घालायची म्हणून नव्हे. वर्गात जीवशास्त्र शिकवताना मी सगळ्यात जास्त रमतो तो हाच विषय, आणि मला जे खरं वाटतं तेच तुला सांगतोय.

स्मृती ही झालेलं जपून ठेवण्यासाठी आहे, असं आपण सगळेच मानतो. पण गेलेला दिवस जसाच्या तसा आठवला म्हणून कुठल्या प्राण्याचं पोट भरत नाही, की त्याची पिल्लं जगत नाहीत. आठवणीचा फायदा होतो तो आता पुढे काय करायचं हे ठरवताना. त्यामुळे पिढ्यानपिढ्यांच्या नैसर्गिक निवडीत टिकली ती उद्याच्या कामी येणारी स्मृती. मागचं आठवणं हा त्या कामाचा एक भाग, एवढंच.

अर्थात उत्क्रांतीच्या नावावर वाटेल ती गोष्ट रचून सांगता येते. आदिमानव असा जगायचा म्हणून आपण असे वागतो, छापाची विधानं ऐकली की मला राग येतो, कारण त्यांची परीक्षाच घेता येत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांमधल्या एका पाखरावरचं काम मला फार मोलाचं वाटतं. माउंटन चिकडी. वजन दहा-बारा ग्रॅम. हिवाळ्याच्या आधी हा पक्षी एकेक बी वेगवेगळ्या जागी लपवतो, झाडाच्या सालीच्या फटीत, पानांच्या झुबक्यात, अशा हजारो जागी. मग सगळीकडे बर्फ पडतं आणि लपवलेलं शोधून काढण्यावरच जीव अवलंबून असतो. डोंगरात जितकं वर जावं तितका हिवाळा लांब आणि कडक.

व्लादिमिर प्रावोसुदोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांच्या पायात छोट्या चिप अडकवल्या आणि रानात आठ-आठ खाद्यपेट्यांच्या चौकटी टांगल्या. प्रत्येक पक्ष्यासाठी आठांपैकी एकच पेटी उघडते. आपली पेटी सापडेपर्यंत तो किती चुकीच्या पेट्यांवर जातो, हे यंत्र आपोआप नोंदवतं. उंचावरचे पक्षी खालच्या पक्ष्यांपेक्षा कमी चुका करतात, असं दिसलं. आणि २०१९ मध्ये त्यांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट छापली: उंचावर पहिलाच हिवाळा काढणाऱ्या तरुण पक्ष्यांमध्ये ज्यांच्या चुका कमी, ते पुढच्या वर्षापर्यंत जास्त संख्येने जगले. सुधीर, हे वाचलं तेव्हा मी जागचा उठून येरझाऱ्या घालायला लागलो. स्मरणशक्तीवर चाललेली नैसर्गिक निवड, भर रानात, आपल्या काळात मोजलेली! ज्याला जागा आठवल्या नाहीत तो वसंत ऋतू बघायला उरला नाही.

पण याच पक्ष्यांची दुसरी बाजू तुझ्या प्रश्नाच्या जास्त जवळची आहे. संशोधकांनी मग प्रत्येकाची ठरलेली पेटी बदलली. आता जुनं सोडून नवं शिकायचं. इथे उंचावरचे हुशार पक्षी मागे पडले. जुनी जागा त्यांच्या डोक्यातून निघेना. म्हणजे घट्ट आठवण ठेवण्याचीही किंमत मोजावी लागते. विसरता येणं हे स्मृतीत राहून गेलेलं व्यंग नाही. जिथे परिस्थिती बदलत असते तिथे जुनं सुटणं गरजेचं असतं. आपली माणसांची जात तर सतत जागा, ऋतू, शेजारी बदलत जगत आलेली.

कॅलिफोर्नियातही आढळणारा स्क्रब जे हा आपल्या कावळ्याच्याच कुळातला निळा पक्षी. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये त्याला अळ्या आणि शेंगदाणे वाळूच्या ट्रेमध्ये लपवू दिले. अळ्या त्याच्या जास्त आवडीच्या, पण त्या कुजतात. चार तासांनी परत सोडलं तर तो अळ्यांकडे गेला. १२४ तासांनी सोडलं, तर अळ्या शिळ्या झाल्या असतील हे अनुभवाने कळलेले पक्षी शेंगदाण्यांकडे वळले. काय, कुठे आणि किती वेळापूर्वी, हे तिन्ही धागे त्याला आठवतात, पण ते आठवतात आता काय खावं यासाठी. पुढे २००७ मध्ये असं दिसलं की ज्या खोलीत सकाळी नाश्ता मिळत नाही तिथे हे पक्षी आदल्या संध्याकाळीच जास्त दाणे लपवून ठेवतात.

माणसातही मागचं आणि पुढचं असंच एकत्र गुंतलेलं आहे. टोरंटोमध्ये के. सी. या नावाने ओळखला गेलेला एक रुग्ण होता. १९८१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला जबर इजा झाली. त्याला बुद्धिबळ खेळता येई, जगाविषयीची माहिती सांगता येई, पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवत नसे. एंडेल टुल्विंग यांनी त्याला विचारलं, उद्या काय करणार आहेस? त्याला काहीच सांगता येईना. काल जसा कोरा, तसाच उद्याही कोरा. पुढे लंडनमध्ये डेमिस हस्साबिस आणि एलेनॉर मॅग्वायर यांनी हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग निकामी झालेल्या रुग्णांना, समजा तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात, असं सांगून वर्णन करायला लावलं. त्यांना सलग चित्र उभंच करता येईना, तुटक तुकडेच हाती येत. आठवणं आणि कल्पना करणं यांना मेंदूतली बरीचशी यंत्रणा सामाईक आहे. उद्याचं चित्र रचायचं तर कालचे तुकडे सुटे व्हायला हवेत, नव्याने जुळायला हवेत. जसाच्या तसा पक्का बसलेला प्रसंग त्या कामाचा नाही.

म्हणून तुझी आणि ताईची आठवण वेगळी. कोणी खोटं बोलत नाही. करीम नादेर यांनी २००० मध्ये उंदरांवर दाखवलं की भीतीची जुनी, पक्की झालेली आठवणसुद्धा जागी केली की काही वेळ सैल होते आणि तिला परत पक्कं व्हावं लागतं. त्या वेळात औषधाने अडथळा आणला तर ती पुसली जाते. जागीच केली नाही तर त्याच औषधाने तिला काही होत नाही. माझ्या मते यामागचं कारण सरळ आहे: नवी माहिती मिळाली तर जुन्या आठवणीत ती घालता यावी. घर सोडल्याचा तो दिवस ताईने तिच्या संसारात, मुलांना सांगताना, काकूंशी बोलताना किती वेळा काढला असेल, आणि तू तुझ्या एकट्या खोलीत किती वेळा. दर वेळी त्यात थोडं त्या त्या दिवसाचं मिसळलं असणार.

आणि हॉस्पिटलचे दिवस. असे दिवस इतके पक्के का लक्षात राहतात, यावर जेम्स मॅकगॉ यांनी आयुष्यभर काम केलं. धोक्याच्या, तणावाच्या वेळी शरीरात जी संप्रेरकं वाहतात ती अमिग्डला या मेंदूच्या भागामार्फत त्या वेळच्या आठवणी घट्ट करतात. धोका ज्याच्या लक्षात राहिला त्याचा पुढच्या वेळी बचाव होण्याची शक्यता जास्त. ही यंत्रणा तुझ्या प्रेमाला विचारून चालत नाही. मॉनिटरचा आवाज, त्या बाकाचा रंग, डॉक्टरांचा चेहरा हे सगळं तिने कोरून ठेवलं. आणि काकू रोज सकाळी तुला डबा देत होत्या, त्यात धोका कुठला? एका दिवसाचा डबा दुसऱ्या दिवसापासून वेगळा ठेवण्याची मेंदूला गरजच पडली नाही. त्या हजारो सकाळी मिळून एकच झाल्या. प्रसंग म्हणून त्या तुला सापडणार नाहीत, पण तू आजारी माणसाच्या उशाशी ज्या पद्धतीने बसतोस, कोणी घरी आलं की आधी पाणी देतोस, त्यात त्या आहेत असं मी खात्रीने म्हणतो. मी तुम्हा दोघांना इतकी वर्षं पाहिलंय.

सगळंच उत्क्रांतीने उलगडतं असा माझा दावा नाही. काकूंचा एखादा विशिष्ट शब्दच तुला का आठवतो आणि दुसरा का नाही, याचं उत्तर कुठलंही शास्त्र देणार नाही. मात्र तू स्वतःवर ठेवलेला आरोप चुकीचा आहे, एवढं या सगळ्यातून मला नक्की दिसतं.

एक सुचवतो. ताईला फोन करून त्या दिवसाविषयी बोल, पण या वेळी खरं काय झालं ते ठरवायला नको. तिला जे आठवतं ते वहीत लिहून घे, तुझं तू लिही, दोन्ही शेजारी राहू देत. मामींनाही विचार, त्या त्या दिवशी स्वयंपाकघरात होत्या ना? आणि हे लवकर कर, मामींचं वय झालंय.

मार्चमध्ये परीक्षा आटोपल्या की नाशिकला येतो. चिकडीवरचे निबंध छापून आणीन, त्यातले आलेख तुला दाखवायचेच आहेत. ताईला आणि वहिनींना नमस्कार सांग. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा,
अनिल